पडणारा दुसरा

खोली बघायला मी तात्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, "सर, तुम्ही कधी उंचावरून पडलाव का?"

मी हदगावकडचा. लातुरात एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. घरमालक काय काय विचारतात त्याची तयारी करून गेलो होतो, या प्रश्नाची नव्हती. लहानपणी एकदा चिंचेवरून पडलो होतो, ते सांगितलं.

"काय मोडलं?"

"मनगट."

"म्हंजे हात टेकवलाव." त्यांनी निराशेनं मान हलवली. "हात टेकवायचा नसतोय. हनवटी छातीला लावायची, खांदा द्यायचा अन् गोल व्हायचं. बगा."

आणि पंचाहत्तरीच्या आसपासचा तो माणूस पायरीवरून अंगणातल्या मातीत सरळ पडला. खांद्यावर गेला, पाठीवरून फिरला आणि पुन्हा उभा राहून लेंगा झटकू लागला. मी धरायला पुढे धावलो होतो. त्यांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

"खोली तिसरी घ्या," ते म्हणाले. "तिला खिडकी हाय."

लातुरात तेव्हा रिक्षावाल्याला गल्लीचं नाव सांगून उपयोग नसे. 'हीरोच्या घरी' म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा. तात्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर वाकलेले होते, चालताना दोन पायांमधून शेळी निघून गेली असती. उन्हाला डोक्यावर तपकिरी फेल्टची हॅट. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली की चौकातला पानवाला हातातलं पान ठेवून वळून बघायचा. पाच खोल्या, त्यात दहा-बारा पोरं, उदगीर, निलंगा, मुखेड अशी कुठून कुठून बारावीच्या मार्कांसाठी आलेली. आणि या पोरांना रविवारी दुपारी अंगणात रांगेनं उभं करून पडायला शिकवणारे तात्या. पोरं हसत हसत पडायची, खरचटून घ्यायची. मीही पडलो. दोनतीन रविवारांत मला ते जमायला लागलं, हे खरं.

तात्या सांगायचे की ते नऊ चित्रपटांत हीरो होते. बोलपट रुळत होते त्या काळात, मुंबईच्या एका कंपनीत. मालकानं विलायती सिनेमे पाहिलेले असायचे, ते तो यांना तोंडी सांगायचा, आणि तसलंच काही घाटाखालच्या माळरानावर घोडे दौडवून करायचे. डोक्याला हॅट, गळ्याला रुमाल, कमरेला दोन पिस्तुलं. काऊबॉय म्हणजे काय, असं एका पोरानं विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "गुराखीच की रे. आपल्या गुराख्याला पिस्तूल न्हाई, एवढाच फरक."

त्यांचे वडील निजामाच्या घोडदळात सईस होते, देगलूरकडचे. घोड्यांमध्येच वाढ झाली. एका वर्षी माळेगावच्या यात्रेत कंपनीचा माणूस घोडे घ्यायला आला. त्यानं चार घोडे घेतले आणि घोडे सांभाळायला 'आम्हाला' घेतलं. तात्या नेहमी 'आम्ही' म्हणायचे. आम्ही मुंबईला गेलो, आम्ही रेल्वेच्या टपावरून घोड्यावर उडी टाकली, आम्हाला लोक मरीन लाइन्सवर ओळखायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा स्वतःला राजा समजतोय. मलाही तसंच वाटलं होतं.

पुरावा कशाचाच नव्हता. घरात एक फोटो नाही, जाहिरातीचा एक कागद नाही. कंपनीनं पडद्यासाठी जे नाव दिलं होतं ते त्यांचं खरं नाव नव्हतं, आणि ते नाव आता कुणाला आठवत नव्हतं. मुंबईहून परत आल्यावर त्यांनी पंचवीस-तीस वर्षं नांदेडच्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवलं. तिथल्या जुन्या डोअरकीपरनं मला पुढे सांगितलेली गोष्ट अशी, की घोड्यांचा सिनेमा लागला की हा माणूस आठवडाभर रजा टाकायचा. मालक चिडायचा, पगार कापायचा. हा घरी बसून राहायचा.

हे ऐकून पोरं म्हणायची, बघा सर, खोटंच आहे सगळं. जो खरा हीरो असेल तो घोड्यांचा सिनेमा कशाला चुकवेल?

*

अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. आम्ही सगळे अंगणात धावलो. तात्यांचं घर उभं राहिलं, एका भिंतीला तडा गेला तेवढाच. उजाडताना औश्याकडून आलेला दूधवाला म्हणाला, तिकडं गावंच्या गावं बसलीत.

तात्या हॅट न घालता रस्त्यावर निघाले. मी मागे धावलो.

"धाकट्याची पोरगी हाय तिकडं," ते म्हणाले.

तात्यांना धाकटा भाऊ होता, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. ती पोरगी म्हणजे पन्नाशीची बाई. तिचा बाप ती पोटात असतानाच गेला, तात्यांनी तिला वाढवलं आणि त्या गावात दिलं, एवढं मला टेम्पोत कळलं. स्वतः तात्यांनी लग्न केलेलं नव्हतं.

गाव कुठे सुरू होतं ते समजत नव्हतं. दगड, माती, मोडक्या तुळया. त्यातून एखादा पलंगाचा पाय किंवा लुगड्याचं टोक. पुतणीचं घर तात्यांना त्यातही बरोबर सापडलं, कारण त्यांनीच ते बांधलं होतं. भाऊ गेल्यावर सिनेमाच्या कंपनीनं जे दिलं ते त्यांनी वर्षानुवर्षं हात न लावता ठेवलं होतं, पुतणीच्या लग्नानंतर त्यातून तिला घर बांधून दिलं. काळा दगड, दोन हात रुंद भिंती, वर मातीचं जाड माळवद. गवंडी म्हणाला होता एवढी रुंद कशाला, तर हे रोज तिथे उभे राहून त्याच्याकडून तशीच करून घ्यायचे.

पाचसहा माणसं पहारीनं दगड काढत होती. त्यांच्यातल्या एकानं तात्यांना ओळखलं. घाम पुसत, मनात काहीही वाईट न ठेवता तो म्हणाला, "तात्या, लई मजबूत बांधलाव हो. फुटंनाच गेलंय."

जावई आधीच सापडला होता, त्याला बाजूला झाकून ठेवलं होतं. पुतणी आत होती. जिवंत होती. दगडांच्या एका फटीतून तिचा आवाज यायचा.

तात्या पालथे पडून फटीला तोंड लावून बोलले, "बाई, मी आलोय."

"तात्या?" आतून आलं. "पोरगी?"

तिची उशिरा झालेली एकुलती मुलगी, बारा वर्षांची. ती रात्री गणपतीच्या मांडवापाशी बैलगाडीत झोपी गेली होती म्हणून वाचली होती. आता ती त्याच गाडीत, कुणीतरी पांघरलेल्या चादरीत बसून आमच्याकडे बघत होती.

"हाय. भायेर हाय. काय झालं न्हाई तिला."

"पाणी द्या."

पाणी पोचत नव्हतं. पहारीनं एक दगड हलला की वरची माती आत जायची आणि ती खोकायची, म्हणून सगळे थांबायचे, पुन्हा दुसरीकडून लागायचे. तात्या फटीपाशीच होते. मी दगड काढत होतो आणि मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हनवटी छातीला लाव बाई. लाव. गोल हो. हात डोक्यावर घे. मी हाय हितं."

दुपारी आवाज बंद झाला. तात्या त्यानंतरही तासभर तेच सांगत राहिले. हनवटी लाव, गोल हो. कुणी त्यांना थांबवलं नाही. जवान आले, त्यांनी यंत्रानं भिंत उचलली तेव्हा दिवस मावळायला आला होता. पुतणी सापडली ती अंग मुडपून, हनवटी छातीला लावून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. सांगितलं होतं तशी.

पाऊस लागला होता. ओली लाकडं पेटत नव्हती. रॉकेल ओतून एकेका चितेवर तीनतीन माणसं दिली. तात्यांनी अग्नी दिला, मुलीचा हात धरला आणि मला म्हणाले, "चला सर, हिला भूक लागली आसंल."

त्यानंतर त्यांनी रविवारी पोरांना पडायला शिकवलं नाही.

*

मुलगी लातुरात आली, पण स्लॅबखाली झोपेना. तात्यांनी अंगणात चार खांबांवर पत्र्याचं छप्पर टाकलं, तिन्ही बाजू उघड्या, आणि तिच्या शेजारी आपली बाज. थंडीत, पावसात दोघं तिथेच. शाळेत ती दाराजवळच्या बाकावर बसायची. बोलायची कमी, पण गणित तिला सुटायचं. गणित सोडवताना ती पेन्सिलीचं मागचं टोक कपाळावर हळू आपटत बसायची आणि उत्तर आलं की थांबायची.

एव्हाना लातूरचं रूप पालटलं होतं. गल्लीगल्लीत क्लास, प्रत्येक घरावर मजला, प्रत्येक मजल्यावर पोरं. निकाल लागला की चौकाचौकांत मुलांच्या चेहऱ्यांचे मोठाले फलक लागायचे, गळ्यात हार घातलेले, खाली मार्क आणि क्लासचं नाव. ज्या क्लासमध्ये मी होतो तो वाढून तीनमजली झाला होता. संचालकांना मी त्या मुलीबद्दल सांगितलं. हुशार आहे, आईवडील भूकंपात गेले. त्यांनी लगेच मोफत प्रवेश दिला. मला फार बरं वाटलं. पुढे त्यांनी तिचा एक फोटो मागितला, तोही मीच प्रवेशअर्जावरून काढून दिला. कशाला हवा ते विचारलं नाही. माहीत नव्हतं असं म्हणवत नाही.

ती बारावीत गेली त्या उन्हाळ्यात मुख्य चौकात फलक लागला. एका बाजूला पडलेल्या गावाचं चित्र, दुसऱ्या बाजूला तिचा चेहरा, एका माणसाहून उंच. वर लिहिलं होतं, 'ढिगाऱ्यातून यशाकडे'. तिनं अजून परीक्षाही दिलेली नव्हती.

ती त्या दिवशी क्लासला आली नाही. चौकातून परत फिरून घरी गेली आणि पत्र्याखाली भिंतीकडे तोंड करून बसली. तात्यांनी मला विचारलं, काय झालंय हिला. मी सांगितलं.

भर दुपारी ते चौकात गेले. रंगाऱ्याची शिडी भिंतीला लावलेली होती, ती उचलून फलकाला टेकवली आणि वर चढले. ऐंशीचा माणूस. खाली गर्दी जमली. रिक्षावाले ओरडले, "हीरो, उतरा! मरशाल!" त्यांनी खिशातून सुरी काढली, एकेक दोरी कापली आणि तो फलक वरून सोडला. मुलीचा चेहरा घडी पडत रस्त्यावर आला.

क्लासची माणसं धावत आली, संचालकही आले. मी त्यांच्यासोबत होतो.

"बाबा, हे काय केलंत?" संचालक म्हणाले. "आम्ही तिचं भलंच करतोय. फुकट शिकवतोय."

तात्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसून धापा टाकत होते. "शिकवा की," ते म्हणाले. "पर ह्ये न्हाई. चेहरा एकाचा लावायचा अन् पडणारा दुसरा. ह्ये म्या केलंय. मला ठावं हाय त्येचं काय होतंय."

कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही यांचे भाडेकरू ना, समजावा. मी काहीच बोललो नाही. ना इकडून, ना तिकडून. दुसऱ्या दिवशी तिचा प्रवेश रद्द झाला, तेव्हाही मी वर्गात जाऊन रोजचा धडा शिकवला.

त्या संध्याकाळी तात्यांच्या बाजेवर बसून मी माफी मागायला लागलो. ते त्यांनी ऐकलंच नाही. त्यांनी भावाचं सांगायला सुरुवात केली.

*

माळेगावहून गेले ते दोघे भाऊ. तात्या अठरा-वीसचे, धाकटा दोन वर्षांनी लहान. तात्या दिसायला देखणे म्हणून त्यांना हीरो केलं. धाकटा बांध्यानं अगदी त्यांच्यासारखा, पण तोंडावर देवीचे व्रण. त्याला तात्यांचेच कपडे घालायचे, हॅट खाली ओढायची, आणि जिथे पडायचं, उडी टाकायची, लोळायचं, तिथे तो. तात्यांना पडता येत होतं, पण हीरोचं हाड मोडलं तर काम अडतं, म्हणून कंपनी त्यांना पडू द्यायची नाही. पडायचं कसं ते धाकट्यानंच शोधून काढलं होतं. हनवटी, खांदा, गोल. तात्या ते त्याच्याकडून शिकले होते.

"मग तुम्ही 'आम्ही' म्हणायचात ते..." मी म्हणालो.

"दोघंच होतो की."

नवव्या चित्रपटात घोडं भर वेगात कोसळतं असा प्रसंग होता. घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधायची, तिचं दुसरं टोक खुंटाला. ठराविक अंतर झालं की तार ताणली जाऊन घोडं तोंडावर जातं. विलायतेत असंच करतात, मालक म्हणाला. त्या दिवशी कॅमेरा जवळ होता, चेहरा दिसणार होता, म्हणून तात्यांनी स्वतः बसायचं ठरलं होतं.

"मला भ्या वाटलं," तात्या म्हणाले. "लई भ्या वाटलं सर. ती घोडी नवी होती, तिला ठावं नव्हतं काय होणार हाय. मी मालकाला म्हनलं, माझं मनगट दुखायलंय. खोटं. मनगटाला काय झालं नव्हतं. मालक म्हनला, कॅमेरा लांब नेऊ, धाकट्याला बसवा. धाकटा माझ्याजवळ आला. म्हनला, दादा, तारेचं कधी केलं न्हाई, आज नको. घरी बायकोला सातवा लागलाय. मी म्हनलं, कर रे, तुला काय नवं हाय का."

घोडी तोंडावर गेली. धाकटा बरोबर पडला, हनवटी लावून, खांद्यावर, गोल फिरला. आणि उलटलेली घोडी त्याच्यावर आली.

मुलगी पत्र्याखाली पुस्तक घेऊन बसली होती, ऐकत होती की नाही कळत नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी मालक म्हनला, चित्र पुरं करावं लागंल. त्याच जागंवर मला झोपवलं. पडल्यावर हीरो डोळे उघडतो अन् हसतो, एवढंच राहिलं होतं. त्येच्या अंगातला शर्ट धुऊन आणला होता, कारण तसला एकच होता. वाळला नव्हता. थंडगार. मी डोळे उघडले अन् हसलो. एका खेपंत झालं. मालक खूश झाला."

तो चित्रपट कंपनीचा सगळ्यात जास्त चालला. घोडी कोसळली की लोक शिट्ट्या मारायचे आणि हीरो हसला की टाळ्या. तात्यांनी तो एकदाच पाहिला आणि मुंबई सोडली. वहिनीनं त्यांना कधी काही विचारलं नाही. पुतणी सात-आठ वर्षांची असताना तीही गेली.

*

मुलगी घरीच अभ्यास करून परीक्षेला बसली. मी शिकवायचो, जमेल तेवढं. भौतिकशास्त्राच्या पेपराला बाहेरून खडीचा ट्रक गेला, खिडक्यांची तावदानं वाजली, आणि ती पेपर टाकून मैदानात धावली. नियमाप्रमाणे पुन्हा आत घेतलं नाही. तात्या फाटकापाशीच होते. त्यांनी तिला रसवंतीवर नेऊन रस पाजला आणि घरी आणलं. पेपर कसा गेला, हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तिनं नर्सिंगला नाव घातलं.

त्याच सुमारास पुण्याहून एक तरुण आला. जुन्या मारधाडीच्या चित्रपटांवर तो पुस्तक लिहीत होता. नांदेडच्या टॉकीजमधून माग काढत काढत तो इथवर पोचला होता. त्याच्याजवळ एक कॅसेट होती. तात्यांच्या त्या नवव्या चित्रपटाची चारपाच मिनिटं कुठल्याशा गोदामात सापडली होती.

मी हरखलो. साठ वर्षं ज्या माणसाला सगळ्यांनी खोटं ठरवलं त्याच्याकडे शेवटी पुरावा चालून आला होता. माझ्या खोलीत टीव्ही होता, व्हिडिओ भाड्यानं आणला. तात्या, मुलगी, तो तरुण आणि मी.

पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. माळरान. लांबून एक स्वार भरधाव येतो, कॅमेऱ्याला पाठ करून वळतो, आणि घोडी कोसळते. धूळ. मग एकदम जवळून एक चेहरा. तरणाबांड, देखणा. डोळे उघडतो आणि हसतो.

तरुणानं तिथेच चित्र थांबवलं. "हे तुम्हीच ना आजोबा?"

तात्यांनी बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्यो माझा धाकटा भाऊ."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग हीरो तुम्ही नव्हतात?"

"हीरो त्योच. नवाच्या नव पिक्चरांत त्योच. मी घोडे सांभाळायचो."

"आणि घोड्यावरून पडणारा कोण?"

"त्योबी त्योच. सोताचं समदं सोता करायचा. ह्याच्यातच मेला. हसण्याचं आदुगर काढून ठेवलं होतं." मग त्यांनी भावाचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. "नीट लिहा," म्हणाले. "काना-मात्रा चुकू देऊ नका."

तरुणानं वहीत लिहून घेतलं. चहा पिऊन, पाया पडून तो गेला. तो जाताना मुलीनं त्याच्याकडे कॅसेटची एक प्रत मागितली.

तो फाटकाबाहेर पडल्यावर मुलगी म्हणाली, "तात्या, ते तुम्ही होतात. हसताना तुमचा एकाच बाजूचा गाल वर जातो."

"हाव," तात्या म्हणाले.

"मग?"

"तुझ्या आज्याला कुणी बघितलंच न्हाई बाई. तुझ्या आईनं न्हाई, कुणीच न्हाई. माझं तोंड लई बघून झालं समद्यांचं."

त्यानंतर त्यांनी सिनेमाचं नाव काढलं नाही. नव्या पोरांनी विचारलं तर सांगायचे, माझा भाऊ हीरो होता. वर्षभरात ते गेले. मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात धावलो तेव्हा ते शुद्धीवर होते. म्हणाले, "हात टेकवला सर. ऐन वक्ताला हातच टेकवला." तीन आठवडे पडून होते. शेवटचे काही दिवस मुलगी त्या स्लॅबच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, त्यांच्या उशाशी बसून राहिली. छताकडे एकदाही न बघता.

*

पुस्तक निघायला बरीच वर्षं लागली. त्या तरुणानं आठवणीनं माझ्याकडे एक प्रत पाठवली. एका पानावर तात्यांचा हसरा चेहरा आणि खाली धाकट्याचं नाव. काना-मात्रा बरोबर. तात्यांचा उल्लेख कुठेच नाही.

ते पुस्तक घेऊन मी मुखेडला गेलो. मुलगी तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. आता मुलगी म्हणण्यासारखी राहिलेली नाही, पण मला दुसरा शब्द सुचत नाही. बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळते. क्वार्टर मिळालं होतं ते तिनं घेतलं नाही, पत्र्याच्या घरात भाड्यानं राहते. मी पान उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "त्याला कळवू का मी? नाव चुकलंय म्हणून?"

तिनं पान पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं सर?"

"मी एकदा गप्प बसलो होतो. तुझ्या फलकाच्या वेळी. ते मला बोचतं. पुन्हा गप्प बसलो तर..."

"तात्यांनी सांगितलं तसंच राहू द्या पुस्तकात," ती म्हणाली. "तुम्हाला खरं लिहायचं तर लिहा. पण त्यांचं नाव घालू नका. त्यांनी काढून टाकलंय ते."

म्हणून या लेखात नाव नाही.

मग ती उठली आणि टीव्हीखालच्या कपाटातून ती कॅसेट काढली. कॅसेटचं यंत्र आता कुणाकडे नसतं, तिनं जपून ठेवलं होतं. "तुम्ही त्या दिवशी नीट पाहिलं नसेल," म्हणाली. "सगळे त्या चेहऱ्याकडेच बघत होते."

पुन्हा त्या रेघा, ते माळरान. स्वार लांबून आला, वळला, आणि कॅमेऱ्याकडे त्याची पाठ झाली. तिनं बटण दाबलं. चित्र थांबलं, हलकं थरथरत राहिलं. हॅटखाली मान, एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली उतरलेला, कोपर शरीरापासून सुटलेलं. घोडीचे पुढचे पाय अजून हवेत होते.

"आईनं तिच्या वडलांना कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. "कसे होते, हे तिला कुणी सांगूही शकलं नाही. पण ती शेतात जायची ना सर, डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन, मी मागून चालायची. मागून अशीच दिसायची ती. अगदी अशीच."

ती बटणावर बोट ठेवून बसली होती.

"मी इथंच थांबवते," ती म्हणाली. "पुढं जाऊ देत नाही."